नळ्याबरोबर गाड्याची यात्रा

आमच्याकडे ट्रेलर आधी आला आणि गाडी नंतर. नाल सापडली म्हणून घोडा घ्यायला निघालेल्या माणसाची गोष्ट लहानपणी ऐकली होती. तो माणूस पुढे कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला राहायला जाणार आहे आणि तो मीच असणार आहे, एवढं मात्र गोष्ट सांगणाऱ्या आजीने सांगितलं नव्हतं.

झालं असं, की गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांनी आपला तेरा फुटी स्कॅम्प विकायला काढला. स्कॅम्प म्हणजे मिनेसोटातल्या बॅकस नावाच्या गावात सत्तरच्या दशकापासून बनणारा फायबरग्लासचा कॅम्पिंग ट्रेलर. वरची वाटी वेगळी, खालची वाटी वेगळी, आणि दोन्ही कमरेपाशी जोडलेल्या. फोडलेल्या नारळाच्या करवंट्या पुन्हा चिकटवाव्यात तशा. आत टेबल मोडलं की पलंग होतो आणि सोफा उचलला की दुमजली बर्थ होते. किंमत ऐकल्यावर मी मनात म्हटलं, "एवढ्यात मिळतोय तर..." मराठी घरांतल्या माळ्यांवरची निम्मी अडगळ याच तीन शब्दांनी आणलेली आहे. बायकोने ट्रेलरकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "हा डबा ठेवणार कुठे?" तेव्हापासून त्याचं नाव डबा.

गाड्याबरोबर नळ्याची यात्रा ही म्हण आपल्याला पाठ असते. वंगणाचं नळकांडं बैलगाडीला टांगलेलं असायचं; गाडी पंढरपूरला गेली की त्यालाही फुकटात पंढरपूर घडायचं. आमच्याकडे उलटं झालं. नळा दारात येऊन बसला होता आणि त्याला यात्रा घडावी म्हणून गाडा शोधायचा होता.

कागदावर डब्याचं वजन होतं १,३०० पौंड, म्हणजे सुमारे ५९० किलो. "आपली प्रियस ओढेल की," मी म्हणालो. प्रियस दहा वर्षांची होती आणि मैलांमागून मैल पेट्रोलचा नुसता वास घेऊन चालायची. तिचं मॅन्युअल आयुष्यात पहिल्यांदा उघडलं. त्यात कंपनीने सभ्य भाषेत लिहिलं होतं, की या गाडीने ट्रेलर ओढावा अशी आमची शिफारस नाही. थोडक्यात, दुभत्या म्हशीला नांगराला जुंपू नका.

इथे आम्हा लोकांची मूळ अडचण सुरू होते. गाडी दिसली की आपण विचारतो, "किती देते?" घोड्याची ताकद, ब्रेक, एअरबॅग हे सगळं नंतर. इंग्रजीत ज्याला मायलेज म्हणतात त्याला आपण अ‍ॅव्हरेज म्हणतो, आणि ते गाडीने द्यायचं असतं, सकाळ-संध्याकाळ, चरवीत. लग्नाच्या मुलाइतकीच बारीक चौकशी त्याची होते. अशा माणसाला शोरूममध्ये उभं करून विक्रेता विचारतो, "तुम्हाला ओढायचं किती आहे?" उत्तर सुचत नाही. ओढणं हा आपल्याकडे गाडीचा गुण नव्हेच. ओढतो तो संसार.

तरी मी वही केली. टोयोटाच्या रॅव्ह-फोर हायब्रिडला तेव्हा ओढायची मर्यादा होती १,७५० पौंड. होंडाच्या नव्या सीआर-व्ही हायब्रिडला जेमतेम १,०००. साध्या अडीच लिटर इंजिनाच्या सुबारू आउटबॅकला २,७००. फोर्डच्या छोट्या मॅव्हरिक ट्रकची हायब्रिड निघाली तेव्हा तिला २,०००. डावीकडच्या रकान्यात 'देते' आणि उजवीकडच्या रकान्यात 'ओढते' असे आकडे लिहीत गेलो, तर डावीकडे वर चढलं की उजवीकडे खाली उतरायचं. वधूवर सूचक मंडळात पगार आणि केस यांचं जे नातं असतं, ते.

याच सुमारास स्टुटगार्टहून एका वर्गमित्राचा फोन आला. तो म्हणाला, "अरे, इथे लोक साध्या गोल्फमागे हजार किलोहून जड कॅराव्हॅन लावून इटलीला जातात. तुमच्याकडे काय रडारड आहे?" हे खरं आहे, आणि त्यात गोल्फचा पराक्रम कमी आणि कायद्याचा जास्त आहे. जर्मनीत ट्रेलरवाल्याने ताशी ८० किलोमीटरने जायचं असतं. वेगळी मान्यता काढली तर १००. शिवाय त्यांच्या कॅराव्हॅनला स्वतःचे ब्रेक असतात, आणि ती गाडीच्या हुकावर फारसं वजन टाकत नाही, नुसता हात ठेवते. अमेरिकेत मात्र माणूस ट्रेलर लावला आहे हे विसरून ताशी ७० मैलांनी हाकतो, म्हणून कंपन्या आधीच हात आखडते घेतात. कॅलिफोर्निया त्यातल्या त्यात शहाणी: इथे ट्रेलर मागे असला की कमाल वेग ताशी ५५ मैल.

आता ५५ म्हणजे अपमान असं वाटतं खरं. पण वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ६५ वरून ५५ वर आलात, की तो २८ टक्क्यांनी कमी होतो. आणि ट्रेलरच्या बाबतीत खरा खाणारा वाराच. सपाट रस्त्यावर वजनाचं एवढं काही नसतं. एकदा चाक फिरलं की फिरतं. पण मोटार जी हवा इतकी गोड बोलून बाजूला सारते, तीच हवा मागून येणाऱ्या डब्याच्या कपाळावर जाऊन आपटते.

हे मला पटवलं एका फ्रेंच सायकलस्वाराने. त्याचं नाव आल्फ्रेड लेतूर्नर. १९४१ साली आमच्याच कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डजवळ हा गृहस्थ एका मोटारीच्या मागे, तिच्या वाऱ्याच्या आडोशाला राहून, ताशी सुमारे १०९ मैलांनी सायकल चालवून गेला. आणि १९४७ मध्ये एअरस्ट्रीम कंपनीने त्याच्याच सायकलीमागे आपला चंदेरी ट्रेलर बांधून फोटो काढला. अख्खा ट्रेलर, पुढे दोन पाय. पुढे ते चित्र कंपनीचं बोधचिन्हच झालं. वारा अडवला तर माणूस मोटारीच्या वेगाने जातो आणि वेग सोडला तर माणूस घर ओढतो. मी हा फोटो बायकोला दाखवून म्हणालो, "बघ, याचं अ‍ॅव्हरेज." ती म्हणाली, "कर सुरू. उन्हाळ्यापर्यंत पोट तरी जाईल."

मार्चमध्ये आई आणि आण्णा कोल्हापूरहून आले. कोल्हापूर म्हणजे तिथून पुढे तासाभरावर, जिथे ऊस संपला की आमचं घर लागतं आणि घर संपलं की पुन्हा ऊस. आण्णांनी आयुष्यभर बैलगाडी, मग ट्रॅक्टर, मग ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असा ऊस कारखान्याला घातलेला. त्यांनी डब्याभोवती एक फेरी मारली, चाकाला लाथ घातली (चाक तपासायची हीच पद्धत त्यांना मान्य आहे), खाली वाकून आस पाहिला आणि विचारलं, "ह्यात भरायचं काय?"

"आपण," मी म्हणालो.

तोवर वहीत पहिलं नाव टोयोटा सिएना या मिनीव्हॅनचं आलं होतं. २०२१ च्या मॉडेलपासून ती फक्त हायब्रिडच मिळते, ३,५०० पौंड ओढते आणि गॅलनला ३६ देते. ते नाव पहिलं आलं होतं बायकोच्या वहीत, माझ्या नव्हे. मिनीव्हॅन ही फ्रीमॉन्टमधल्या भारतीय माणसाची शेवटची अवस्था आहे. ती घेतली की तो देवळाच्या पार्किंगमध्ये उभा राहून शाळांच्या रेटिंगवर बोलू लागतो. मला पिकअप हवा होता. निळा.

"छत्तीस देते," मी आण्णांना सांगितलं.

"लिटरला?"

"गॅलनला. आणि किलोमीटर नव्हे, मैल."

"आपल्या हिशेबानं सांग की."

"लिटरला पंधरा."

"मग त्यात काय? सरपंचाची वॅगनआर बावीस देतीया." थोडं थांबून ते म्हणाले, "आन् ह्यो डबा लावल्यावर?"

"वीसपर्यंत येईल. म्हणजे साडेआठ."

"मग देती कशाला म्हणतोस? पिती म्हण."

आणि माझ्या ध्यानात आलं, की हे व्याकरण मी लहानपणापासून ऐकत आलोय. आमच्या गावात मोटारसायकल देते. जीप देते. पण ट्रॅक्टर पितो. ट्रॅक्टर किती देतो असं कुणी विचारत नाही. तासाला किती डिझेल पितो असंच विचारतात. जी स्वतःपुरती पळते ती देते, आणि ज्याच्या मागे ओझं लागतं तो पितो. हुक अडकवला की त्याच गाडीचं क्रियापद बदलतं. हे एवढं कळायला मी सहा महिने वह्या भरत होतो.

बायको अशा वेळी व्याकरणात अडकत नाही. तिने पाकिटाच्या पाठीवर गणित मांडलं. वर्षाला आपण चालवतो १२,००० मैल. त्यातले डबा घेऊन, फार उत्साह धरला तरी, १,५००. तुझा निळा पिकअप ओढताना १४ देईल, व्हॅन २०. वर्षाचा फरक: ३२ गॅलन. आता डबा नसतानाचे १०,५०० मैल. पिकअप १८, व्हॅन ३६. फरक: २९२ गॅलन. "तू ओढायची गाडी शोधतोयस," ती म्हणाली, "आणि पैसे जाणारेत दूध आणायला जाण्यात."

मी तिला सांगितलं, की ड्यूक विद्यापीठाच्या लॅरिक आणि सोल या दोघांनी २००८ मध्ये 'सायन्स'मध्ये हेच लिहिलं होतं: मैल-प्रति-गॅलनचे आकडे माणसाला फसवतात, ४० चे ५० झाले की आपण नाचतो, पण हजार मैलांत त्याने वाचतात ५ गॅलन, आणि १५ चे २० झाले तर वाचतात जवळजवळ १७. ती म्हणाली, "मग त्यांच्याकडेही मिनीव्हॅनच असणार."

विजेच्या गाडीचा विषय मुलाने काढला होता. तो दोन मिनिटांत मिटला. ट्रेलर लावला की तिची मजल निम्म्याच्या आसपास येते, आणि बहुतेक चार्जर अशा जागी असतात की आधी डबा सोडायचा, कुठेतरी उभा करायचा, चार्ज करायचं, पुन्हा जोडायचा. दर शंभर मैलांवर बैल सोडून पाणी पाजण्याचा प्रकार. ही कल्पना एकट्या आण्णांना आवडली.

व्हॅन आली. मागे हुक बसवला, दिव्यांची वायर ओढली, दोन्ही साखळ्या एकमेकींवर फुली मारून अडकवल्या, म्हणजे डबा चुकून सुटलाच तर त्याचं तोंड जमिनीत न घुसता त्या झोळीत पडतं. मग मला ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं पिवळं-पांढरं स्टिकर दिसलं. माणसं आणि सामान मिळून या गाडीत किती पौंड चालेल, तो आकडा त्यावर असतो. ओढायची मर्यादा सगळे सांगतात. हे स्टिकर कुणी वाचत नाही. आणि डब्याचं जेवढं वजन गाडीच्या हुकावर बसतं, तेही याच आकड्यातून वजा होतं. म्हणजे डबा मागे असतोच, शिवाय त्याच्या वजनाचा एक माणूस गाडीतही येऊन बसलेला असतो.

आमच्या स्टिकरवर १,३०० च्या आसपास आकडा होता. मी १७८, आण्णा १४५, आई १३०, मुलगा १२०, मुलगी १०५. सहावा आकडा बायकोने फोन माझ्याकडून घेऊन स्वतः टाकला, अधिक केलं आणि फक्त बेरीज दाखवली. मी वजाबाकी केली नाही. केली असती तरी इथे सांगितली नसती.

डब्याचं वजन हा तर स्वतंत्र तमाशा. १,३०० हे कागदावरचं वजन लग्नाच्या बायोडेटातल्या उंचीसारखं असतं. त्यात बॅटरी नाही, गॅसची टाकी नाही, पाणी नाही. पाणी म्हणजे गॅलनला आठ पौंडांहून थोडं जास्त. बारा गॅलन भरलं की शंभर पौंड झाले. त्यावर आई. आईने तीन रात्रींच्या मुक्कामासाठी पाच लिटरचा कुकर, तीन लिटरचा कुकर, बिडाचा तवा, दहा किलो तांदूळ, कांदा-लसूण चटणीची बरणी आणि नारळ फोडायला एक दगड भरला. "तिथं डोंगर आहेत, दगड मिळतील," मी म्हणालो. "धुतलेला मिळंल का?" ती म्हणाली.

म्हणून आम्ही वजनकाट्यावर गेलो. हायवेला ट्रकवाल्यांच्या थांब्यावर काटा असतो. गाडी वर घ्यायची, बटण दाबून आत सांगायचं. ते बटण ट्रकच्या खिडकीच्या उंचीला असतं. मी मिनीव्हॅनमधून उतरून, टाचा उंचावून, आण्णांच्या काठीने ते दाबलं. आण्णा तोवर काट्याच्या कडेला जाऊन उभे. ऊस घालणाऱ्या माणसाचा जगातल्या कुठल्याही काट्यावर विश्वास नसतो. "आकडा कुठं दिसतोय? आतनंच सांगणार व्हय? मग मारला काटा." आतल्या बाईंनी छापील चिठ्ठी दिली: पुढचा आस इतका, मागचा आस इतका, ट्रेलर इतका. आण्णांनी ती उन्हाला धरून पाहिली. डबा जोडूनची चिठ्ठी आणि सोडूनची चिठ्ठी लावून पाहता तो १,९०० पौंड भरला. रॅव्ह-फोर घेतली असती तर कुकर आणि तांदूळ दोन्ही घरी ठेवावे लागले असते. आईने हे ऐकून व्हॅनबद्दल मत चांगलं केलं.

पण खरा धडा त्या संध्याकाळी. वजन ठीक, मर्यादेत. चाचणी म्हणून फ्रीवेवर नेला आणि पन्नासच्या पुढे डबा मागून शेपूट हलवू लागला. आधी हळूच, मग खुशीत. मी पाय उचलला, तसा थांबला. घरी आल्यावर मी पुस्तकं उघडली. आण्णा ड्राइव्हवेत गेले. त्यांनी डब्याचं तोंड हुकावरून सोडवलं, खाली तळहात घातला आणि वजन तोललं, बाजारात कलिंगड तोलतात तसं.

"उलाळ झालीया," ते म्हणाले.

बैलगाडी मागच्या बाजूला जड भरली की पुढचं जू वर उचललं जातं, बैलांच्या मानेला खालून ओढ लागते, ती उलाळ. पुढे जास्त भरली की सगळं ओझं मानेवर, ती धुरजड. दोन्हीच्या मधे भरता येतो तोच गाडीवान. अमेरिकेत याच गोष्टीला टंग वेट म्हणतात, आणि ते ट्रेलरच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के असावं असं सांगतात. आमच्यासाठी १९० ते २८५ पौंड. मी न्हाणीघरातला वजनकाटा आणला, त्यावर लाकडाचा ठोकळा, त्यावर डब्याचं तोंड. आकडा आला ११२.

"तांदूळ कुठं ठेवलाय?" आण्णा.

"मागच्या बाकाखाली."

"कुकर?"

"तोही मागेच."

"पाणी?"

मी बोललो नाही. आण्णांनी तांदूळ, दोन्ही कुकर, तवा आणि दगड स्वतः पुढे आणून सोफ्याखाली लावले, टाकीतलं निम्मं पाणी गुलाबांना घालायला लावलं, पुन्हा तळहात घातला, मान डोलावली. काट्यावर २१४. पंचवीस वर्षं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मुलाकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी बारावीच्या निकालानंतर प्रथमच पाहत होतो.

जूनमध्ये निघालो. योसेमिटीच्या अलीकडे प्रीस्ट ग्रेड नावाचा घाट लागतो. वळणावळणाने दीड हजार फूट चढतो. इंजिनाचा आवाज मिक्सरमध्ये खोबरं घातल्यासारखा झाला. मी एसी बंद केला. आईने खिडकी उघडून पदर डोक्यावर घेतला. मागे सतरा मोटारींची रांग; मुलगी मोजत होती. डॅशबोर्डवर त्या क्षणाचं अ‍ॅव्हरेज ९ दाखवत होतं. बायकोने हात पुढे करून त्या आकड्यावर रुमाल टाकला.

टायोगा पासला, ९,९४३ फुटांवर, थांबून आल्याचा चहा केला. पलीकडे मोनो सरोवराकडे उतार. मला वाटलं होतं, आता हायब्रिडची मजा. उतरताना बॅटरी भरत जाणार, गेलेलं सगळं वसूल. बॅटरी काही मिनिटांत काठोकाठ भरली. पुढचा सगळा उतार नुसता वाया. इंजिन रिकामं घुमत गाडी धरून ठेवत होतं, आणि मला धरणातून सोडून दिलेल्या पाण्यासारखं वाटत होतं. मुक्कामी पोचलो. आई-आण्णा आणि मुलं डब्यात, आम्ही दोघं बाहेर तंबूत. रात्री साडेदहाला डब्यातून कुकरची शिट्टी झाली आणि शेजारच्या मोठ्या पिकअपवाल्याने दिवा लावला.

सकाळी तोच कॉफी घेऊन आला. डब्याभोवती फिरला, चाकाला हलकेच लाथ घातली. आण्णांना तो तिथेच आवडला. मग त्याने मला विचारलं ते इंग्रजीत, पण शब्द सोडले तर तो प्रश्न आमच्या चावडीवरचाच होता. मी म्हणालो, जाताना एकोणीस. त्याने आपल्या ट्रककडे पाहून उसासा सोडला. येताना बावीस पडलं. मी त्याचं श्रेय पाठीवरच्या वाऱ्याला दिलं. आईने दहा किलो तांदळांतल्या संपलेल्या सहा किलोंना.

ऑगस्टमध्ये आई-आण्णा परत गेले. परवा व्हिडिओ कॉल लागला तेव्हा ते चावडीवर होते, भोवती चार-पाच मंडळी. फोन कुणाच्या तरी हातात होता, त्यामुळे मला फक्त लिंबाचं झाड आणि आण्णांचा कान दिसत होता. कुणीतरी विचारलं, "लेकाची गाडी केवढी हाय म्हणं?"

"सात माणसं बसत्यात. आन् मागं घर वढती."

"मग देती किती?"

आण्णांनी कानामागे खाजवलं. मैल, गॅलन, किलोमीटर, सगळं त्यांना मी शिकवलेलं होतं, आणि त्यांच्या चांगलं ध्यानात होतं.

"छत्तीस," ते म्हणाले.

चावडी गप्प झाली. सरपंच कुठेतरी मागे खाकरल्याचं ऐकू आलं. मी इकडून तोंड उघडलं, आणि मग नेटवर्क गेल्यासारखा चेहरा करून तसाच बसून राहिलो.